उंबरठ्यावरची राखण : ख्रिस्ती आचारातील मोहविचार



श्रीरामपूर तालुक्यात गोदावरीच्या काठी डोमेग्राम हे आपले वंदनीय स्थान आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंच्या वास्तव्याने पावन झालेल्या त्या भूमीवर माथा टेकण्यासाठी आपण दूरदूरच्या गावांहून जात असतो. त्याच तालुक्यात हरेगाव आहे. तेथे दरवर्षी सप्टेंबर महिन्यात मतमाउलीची यात्रा भरते आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ख्रिस्ती कुटुंबे दर्शनास येतात. त्यांची वाट तीच, गाडी तीच, पाणी पिण्याचे ठिकाणही तेच. असे असूनही शेजारचा मनुष्य आपल्या अंतःकरणाची राखण कशी करतो, हे आपण एकमेकांना कधी विचारीत नाही.

काही वर्षांपूर्वी डोमेग्रामहून परतताना एस.टी.त माझ्या शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती बाई बसल्या होत्या. त्यांनी उभे आयुष्य परिचारिकेचे काम केले होते. माझा वेष पाहून त्यांनी विचारले, “बाबा, तुम्ही घरदार सोडलेले. तुम्हांला आता मोह होत नसेल ना?” मी सहज उत्तर दिले, “बाई, सर्व सोडले की मोहाला धरायला काही उरतच नाही.” उत्तर तोंडातून सफाईने बाहेर पडले आणि ते मला आवडलेही. बाई क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, “नवल आहे. आम्हांला तर देवळाच्या दारातच जास्त होतो.” मग त्यांनी पिशवीतून एक लहानशी वही काढून दाखविली. तिच्यात ओळींवर शाईचे ठिपके दिलेले होते. काही ओळींवर पुष्कळ, काहींवर एखाददुसरा. “हा रोजचा हिशेब,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे गाव आले आणि त्या उतरून गेल्या.

त्या वहीचे कूळ शोधता शोधता ख्रिस्ती धर्मातील साधनविचार मी थोडाबहुत वाचला. आज तोच आपल्यापुढे ठेवीत आहे. परधर्माची स्तुती करावी किंवा तुलना करून कमीजास्त ठरवावे, हा येथे हेतू नाही. विकार आणि विकल्प यांच्याशी ज्याचे रोजचे झगडणे आहे, अशा प्रत्येकाला दुसऱ्या राखणदाराचा अनुभव उपयोगी पडतो, एवढ्यासाठीच हे विवेचन.

परीक्षा या शब्दाचा अर्थ

प्रथम शब्दाचा विचार करू. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, ती ख्रिस्ती माणूस लहानपणापासून रोज म्हणतो. तिच्यात रोजच्या भाकरीची याचना आहे, अपराधांच्या क्षमेची आहे आणि परीक्षेपासून राखण्याची आहे. आपण जेथे ‘मोह’ म्हणू, तेथे मराठी बायबलात ‘परीक्षा’ हा शब्द येतो. मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’ असा असून त्याला दोन अर्थ आहेत. सोने कसाला लावून पाहणे हा एक, आणि भुलवून पाडणे हा दुसरा. प्रसंग एकच असतो. ज्या घटनेत माणूस उजळतो, तीच त्याला पाडूही शकते.

या एका याचनेवर ख्रिस्ती मंडळींत आजही विचार चालू आहे. देव स्वतःच माणसाला मोहात नेतो की काय, असा समज जुन्या शब्दांनी होऊ नये, म्हणून कॅथलिक उपासनेतील तिचे फ्रेंच भाषांतर 2017 मध्ये व इटालियन भाषांतर 2020 मध्ये बदलण्यात आले. दोन हजार वर्षे रोज म्हटल्या जाणाऱ्या ओळीचा अर्थ पुन्हा तपासावासा वाटणे, हे जिवंतपणाचे लक्षण मानले पाहिजे.

याकोबाच्या नावे असलेल्या पत्रात या शंकेचे उत्तर पूर्वीच येऊन गेले आहे. देव कोणालाही मोहात पाडीत नाही. माणसाला ओढून नेते ती त्याची स्वतःची वासना, असे तेथे म्हटले आहे. पुढे पत्रकर्ता एक वंशावळच सांगतो. वासना गर्भवती होते, तिच्या पोटी पाप जन्मते, आणि पाप वाढून मोठे झाले की त्याच्या पोटी मरण जन्मते. या दृष्टान्तात एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे. आपण मरणाला भितो व पापाशी झुंजतो. वासनेचा पाहुणचार मात्र घरातल्या माणसासारखा करतो. ज्याला पुढची पिढी नको असेल, त्याने पहिल्या पिढीलाच उंबरठ्यावर थांबवावे लागते.

रानातील तीन प्रसंग

स्वतः येशूला झालेल्या मोहाची कथा शुभवर्तमानांत आहे. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला, आकाशवाणीने त्याचा गौरव झाला आणि त्यानंतर लगेच तो रानात गेला. चाळीस दिवस उपवास झाला. भूक लागली. तेव्हा सैतान पुढे आला. त्याने तीन गोष्टी सुचविल्या. धोंड्यांच्या भाकरी कर. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील. मला नमन कर, जगातील सर्व राज्ये तुझी होतील. मत्तयाने आणि लूकने शेवटच्या दोहोंचा क्रम वेगवेगळा दिला आहे, परंतु प्रारंभ दोघांच्याही कथनात भाकरीपासूनच आहे.

या कथेत तीन गोष्टी ध्यानी घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट वेळेची. मोह गौरवाच्या पाठोपाठ आला. पारायण पूर्ण झाल्यावर, यात्रा घडून घरी परतल्यावर, उपवास निर्विघ्न पार पडल्यावर माणूस सैल होतो. आज आपण पुष्कळ मिळविले, आता थोडे चालेल, असे त्याला वाटते. लुटारू रिकाम्या गाडीच्या वाटेला जात नाही. बाजार करून परतणारी गाडी तो पाहून ठेवतो.

दुसरी गोष्ट आमिषाची. भाकरी वाईट नाही. भुकेल्याने भाकरी मागणे हे पाप नाही. तीच भाकरी पुढे येशूने शिष्यांना रोज मागावयास शिकविली. मग तेथे मोह कशात होता? मिळालेल्या सामर्थ्याचा पहिला उपयोग स्वतःसाठी करण्यात होता. मोह बहुधा उघड अधर्म घेऊन येत नाही. तो गरज घेऊन येतो, आणि गरजेआड उभे राहून अधिकाराचा, नात्याचा, विश्वासाचा लहानसा गैरवापर मागतो. दुकानदाराला तो पोरांच्या शिक्षणाची आठवण देऊन तराजूवर बोट टेकवावयास सांगतो. कचेरीतील माणसाला मुलीच्या लग्नाची आठवण देऊन टेबलाखालून हात पुढे करावयास सांगतो.

तिसरी गोष्ट वाणीची. मंदिराच्या शिखरावर उभे करून सैतानाने शास्त्रवचन म्हणून दाखविले. पोथी त्यालाही पाठ होती! ज्याचे आयुष्य ग्रंथांच्या सहवासात जाते, त्याच्यासाठी हा सर्वांत सावध करणारा प्रसंग आहे. ज्याला शास्त्र येत नाही, त्याला आपल्या दोषाचे समर्थन करता येत नाही. त्याला लाज तरी वाटते. शास्त्र जाणणारा आपल्या रागाला शिस्त म्हणू शकतो, कंजूषपणाला अपरिग्रह म्हणू शकतो, आणि दुसऱ्याविषयीच्या आकसाला तत्त्वनिष्ठा म्हणू शकतो.

कथेच्या शेवटी लूकने आणखी एक बारकावा टिपला आहे. तिन्ही परीक्षा संपल्यावर सैतान कायमचा निघून गेला, असे तो सांगत नाही. योग्य संधी येईपर्यंत तो दूर झाला, असे सांगतो.

घटकाभराची झोप

ती संधी कोणती, याचे उत्तर गेथशेमाने बागेतील रात्री मिळते. धरले जाण्याच्या आदल्या घटकेला येशू प्रार्थनेसाठी बागेत गेला. पेत्र, याकोब व योहान हे तिघे निकटचे शिष्य त्याच्याबरोबर होते. जागे राहा, मोहात पडू नये म्हणून प्रार्थना करा, अशी त्याने त्यांना विनवणी केली. परतून येऊन पाहतो, तो ते झोपलेले. घटकाभरही तुम्हांला जागता आले नाही का, असे त्याने विचारले. मन उत्सुक असते, पण देह दुबळा असतो, हेही तोच बोलला. ते दुःखाने झोपी गेले होते, असे लूक म्हणतो. झोप केवळ आळसाची नसते, दुःखाचीही असते. नको असलेले सत्य पुढे दिसू लागले की मन डोळे मिटून घेते.

या तिघांतील पेत्राने त्याच संध्याकाळी प्रतिज्ञा केली होती. सर्वांनी सोडले तरी मी सोडणार नाही, मरावे लागले तरी बेहत्तर! ती प्रतिज्ञा खोटी नव्हती. शिपाई आले तेव्हा त्याने तलवारही उपसली. तलवारीपुढे तो डगमगला नाही. तो पडला तो प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात. रात्र थंड होती, शेकोटी पेटली होती, तो शेकत बसला होता. एका दासीने विचारले, “तूही त्याच्याबरोबर होतास ना?” आणि पेत्र म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. असे तीनदा झाले. कोंबडा आरवला. पेत्र बाहेर जाऊन ओक्साबोक्शी रडला.

सज्जनहो, येथे मोह सोन्याच्या राशी घेऊन आला नाही. शेकोटीची ऊब, चार अनोळखी माणसांत ओशाळे न होण्याची इच्छा आणि एका दासीचा साधा प्रश्न, एवढेच त्याचे सैन्य होते. ज्या संकटाची कल्पना पेत्राने केली होती, त्याच्यासाठी तो सिद्ध होता. ज्याची कल्पना केली नव्हती, त्याने त्याला पाडले. आपलेही असेच घडते. आपण मोठ्या मोहासाठी कंबर कसून बसतो, आणि दिवस बुडतो तो एखाद्या टोचणाऱ्या शब्दात, कोणाच्या तरी निंदेला दिलेल्या मूक संमतीत, जेवताना मिठावरून घरच्या माणसावर काढलेल्या रागात.

पेत्राच्या नावे नव्या करारात जे पत्र आहे, त्यात विश्वासी लोकांना सावध राहण्याचा उपदेश आहे. शत्रू गर्जणाऱ्या सिंहासारखा कोणाला गिळावे म्हणून फिरतो आहे, असे तेथे म्हटले आहे. बागेत जो झोपला, त्याच्याच नावे जागृतीचा हा उपदेश ख्रिस्ती मंडळींनी शतकानुशतके वाचला, ही गोष्ट फार धीर देणारी आहे. पडलेला मनुष्य राखणीला नालायक ठरत नाही. आपण कोठे झोपलो होतो, हे ज्याला कळले, तो इतरांना जागे करू शकतो.

वाळवंटातील आठ विचार

चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात पुष्कळ ख्रिस्ती साधक जाऊन राहिले. त्यांतील अँटनी हा फार प्रसिद्ध. परंतु मोहाचा बारकाईने अभ्यास ज्याने लिहून ठेवला, तो एव्हाग्रियस. त्याचा जन्म सुमारे 345 मध्ये, आजच्या तुर्कस्तानातील पोंतस प्रांतात झाला. कॉन्स्टँटिनोपल या राजधानीत विद्वान वक्ता म्हणून त्याचा लौकिक झाला. तेथेच एका विवाहित स्त्रीच्या ठायी त्याचे मन गुंतले. त्याने नगर सोडले व यरुशलेम गाठले. तेथेही जुना थाट परत आला. मग दीर्घ आजार आला, आणि मेलानिया नावाच्या साध्वीच्या उपदेशाने तो मिसरला गेला. नित्रिया व केल्लिया येथील साधकांत राहून, पोथ्यांच्या प्रती उतरवून तो उदरनिर्वाह करी. आपल्या पंथातील पोथ्या उतरविणाऱ्या महात्म्यांची या ठिकाणी आठवण होते. 399 मध्ये तेथेच त्याचा देहान्त झाला.

वाळवंटात मोह होण्यासारखे होते तरी काय? बाजार नाही, मेजवानी नाही, सभा नाही. एव्हाग्रियसला असे आढळले की वस्तू दूर राहिल्या, तरी वस्तूंचे विचार बरोबर आले. म्हणून त्याने विचारांचेच आठ प्रकार पाडले : जिव्हालौल्य, काम, धनलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, कीर्तीची हाव आणि गर्व. हे विचार मनात येणे न येणे आपल्या हाती नाही. ते रेंगाळतील की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे, असा त्याचा सिद्धान्त आहे. दारावर कोण येईल हे घरधन्याला ठरविता येत नाही. ओसरीवर बसवून पाणी कोणाला द्यावे, हे त्यालाच ठरवावयाचे असते.

यांतील प्रत्येक विचाराचे त्याने केलेले वर्णन वाचण्यासारखे आहे. जिव्हालौल्य पक्वान्नाचे चित्र दाखवीत येते, असे आपल्याला वाटेल. तो सांगतो की ते पोटाच्या दुखण्याची, लांबणाऱ्या आजाराची, आसपास वैद्य नसल्याची भीती दाखवून नियम सोडावयास लावते. धनलोभ सोन्याची चमक दाखवीत नाही. तो लांबचे म्हातारपण दाखवितो, न चालणारे हात दाखवितो, दुष्काळ दाखवितो, दुसऱ्याच्या दारी जाण्याची लाज दाखवितो. अशा रीतीने दोन्ही विकार काळजीचे वस्त्र पांघरून येतात. भिक्षेवर राहणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. आपल्याही झोळीत ‘उद्याचे’ म्हणून काय काय साठले आहे, हे एकदा उलटून पाहावे.

सहावा विचार म्हणजे उबग. ग्रीक भाषेत त्याला ‘अकेडिया’ म्हणतात. हा सर्वांत जड, आणि तो भरदुपारी येतो. सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते, दिवस पन्नास घटकांचा झाला आहेसा वाटतो. साधक पुन्हा पुन्हा खिडकीतून पाहतो, कोणी भेटावयास येते आहे का. मग त्याला त्या जागेचा वीट येतो, हातच्या कामाचा वीट येतो. येथील बंधूंत प्रेम उरले नाही असे वाटू लागते. दुसऱ्या ठिकाणी साधन सुकर होईल, देव काय सर्वत्रच आहे, असा युक्तिवाद सुचतो. घरची माणसे आठवतात. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या वर्णनात बदलावे असे फारसे काही नाही. फरक इतकाच की आज ती खिडकी प्रत्येकाच्या हातात आहे. पोथीचे पान उघडे असते आणि बोट मोबाईलवर फिरत असते, कोणाचा काही निरोप आला आहे का हे पाहत. एव्हाग्रियसने यावर सांगितलेला उपाय साधा आहे : जागा सोडू नये. उठण्याची इच्छा होईल तेव्हाच बसून राहावे. उबगाचे ऊन उतरले की त्यामागून फार मोठी शांती येते, असा त्याचा अनुभव आहे.

सातवा विचार कीर्तीच्या हावेचा. इतर विचार हरले म्हणजे हा बळावतो, कारण त्यांच्या पराभवावरच त्याचे पोषण होते. क्रोध जिंकला की हा म्हणतो, लोकांनी पाहिले का? उपवास झाला की हा म्हणतो, कोणाला कळले का? तुम्ही त्याला हाकलले, तर मी त्याला कसा हाकलला, अशी फुशारकी घेऊन तो मागल्या दाराने परत येतो.

एव्हाग्रियसची ही शिकवण योहान कॅसियनने पाश्चात्य देशांत नेली. पुढे सहाव्या शतकाच्या शेवटी थोर पोप ग्रेगरी यांनी आठांची मांडणी सातांवर आणली. ख्रिस्ती घरांतील मुले जी सात प्रमुख पापे शिकतात, त्यांचा उगम असा त्या वाळवंटातील झोपड्यांत आहे.

रात्रीचा हिशेब

आता त्या बाईंच्या वहीकडे येऊ. इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधील सरदारघराण्यातील शिपाई. 1521 मध्ये पाम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचली आणि त्याचे आयुष्य पालटले. दुसऱ्या वर्षी मान्रेसा या गावी त्याने कठोर साधना केली. तेथील अनुभवांतून तयार झालेली त्याची ‘आध्यात्मिक साधना’ ही पुस्तिका 1548 मध्ये छापली गेली. त्याने स्थापिलेल्या येशूसंघाचे लोक त्यापूर्वीच, 1542 मध्ये, गोव्यात आले होते. त्याच संघातील फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यास आले. सासष्टीत राहून त्यांनी मराठी भाषा आत्मसात केली. त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले. मराठी ओवीशी या परंपरेचा संबंध असा चारशे वर्षांहून जुना आहे.

इग्नेशियसने सर्वांसाठी एक सोपा नियम घालून दिला. आपल्या अनेक दोषांपैकी एकच दोष निवडावा. सकाळी उठताच, आज यापासून सावध राहीन, असा निश्चय करावा. दुपारी जेवणानंतर एकदा व रात्री जेवणानंतर एकदा घटकाघटकांचा आढावा घ्यावा आणि जितक्या वेळा तो दोष घडला, तितके ठिपके त्या दिवसाच्या ओळीवर द्यावेत. दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, कालचा दिवस आजच्याशी, मागचा आठवडा या आठवड्याशी ताडून पाहावा. दोष घडताच छातीवर हात ठेवून मनात खेद करावा. हे चारचौघांत बसूनही करता येते, कोणाच्या लक्षातही येत नाही, असे तो आवर्जून सांगतो. ज्या साधनेला देखावा लागत नाही, तिच्यात कीर्तीच्या हावेला शिरावयास फट सापडत नाही.

मोहाच्या स्वभावाविषयी त्याने दिलेले दोन दृष्टान्तही सांगतो. एक सेनापतीचा. किल्ला घेणारा सेनापती बुरुजाबुरुजांची पाहणी करतो आणि जेथे भिंत कच्ची, तेथेच हल्ला चढवितो. म्हणून आपली भिंत कोठे कच्ची आहे, हे शत्रूच्या आधी आपल्याला माहीत असावे. दुसरा दृष्टान्त कपटी प्रियकराचा. भल्या घरच्या मुलीला फूस लावणारा मनुष्य प्रथम एकच गोष्ट मागतो : हे कोणाला सांगू नकोस. मुलीने बापाला सांगितले की त्याचा डाव मोडला. मोहही गुप्ततेवर जगतो. म्हणून मनातील कुजबुज जाणत्या गुरुजनांपुढे उघड करावी, असा त्याचा उपदेश आहे. कॅथलिक धर्मात धर्मगुरूंपुढे पाप निवेदन करण्याचा संस्कार आहे. आपल्याकडेही दोष गुरूंपाशी निवेदून प्रायश्चित्त मागण्याची शिस्त आहे. लपविलेला विकार अंधारातील कोंबासारखा पांढराफटक व लांबलचक वाढतो. उजेडात आणला की तो जेवढा असतो, तेवढाच दिसतो.

भीती आणि गर्व

राखणीचे स्वतःचेही दोन धोके आहेत. पहिला भीतीचा. मान्रेसा येथे इग्नेशियस स्वतः त्यात सापडला. आपण सर्व पापे नीट सांगितली की नाही, या शंकेने त्याला ग्रासले. पुन्हा पुन्हा निवेदन करूनही मन निवेना. शेवटी जीव द्यावा असेही विचार येऊ लागले. पुढे त्याला उमगले की ही अतिरेकी टोचणीदेखील मोहच आहे, आणि गतदोष पुन्हा उगाळावयाचे नाहीत, असा त्याने निश्चय केला. म्हणूनच त्याने घालून दिलेला दिवसाचा सर्वसाधारण आढावा दोषांपासून सुरू होत नाही. प्रथम आज काय काय मिळाले याबद्दल देवाचे आभार, मग आपले दोष ओळखण्यासाठी कृपेची याचना, मग दिवसाचा आढावा, मग क्षमायाचना आणि शेवटी उद्याचा निश्चय, असा त्याचा क्रम आहे. आधी जमेची बाजू, मग खर्चाची. ज्याने दिवा लावला नाही, त्याने अंधारात केर शोधू नये.

दुसरा धोका गर्वाचा. ठिपके कमी झाले की वही दाखवावीशी वाटते. राखणदार चोराशी नव्हे, शेजारच्या राखणदाराशी स्पर्धा करू लागतो. एव्हाग्रियसचा आठवा विचार येथे टपून बसलेला असतो. आपण पडत नाही हे आपलेच बळ, असे वाटू लागले, की पेत्राची ती संध्याकाळ आठवावी.

सज्जनहो, आता माझी गोष्ट पुरी करतो. एस.टी.तील त्या बाईंना मी जे उत्तर दिले, ते मला आवडले होते, असे प्रारंभी मी सांगितले. मोह तेथेच होता. प्रश्न साधा होता, शेकोटीजवळच्या दासीच्या प्रश्नासारखा. ‘होय बाई, होतो, आणि बहुधा प्रवचन चांगले झाले की त्याच रात्री होतो,’ हे खरे उत्तर होते. ते देण्याऐवजी मी आपल्या वेषाची लाज राखली. घर सोडले, गाव सोडले, आप्तांचा संबंध सोडला. परंतु चांगला म्हणवून घेण्याची इच्छा माझ्याबरोबर झोळीत चालत आली होती. त्या बाईंनी वही उघडून दाखविली आणि मी तोंडाने वही मिटून ठेवली. दोघांपैकी त्या दिवशी जागे कोण होते, हे आपणच ठरवावे.

तेव्हापासून मीही रात्री निजण्यापूर्वी नामस्मरणानंतर घटकाभर बसतो. कागदावर ठिपके देत नाही, पण दिवस उलटून पाहतो. विकार कोणत्या दाराने आला, कोणते सोंग घेऊन आला आणि मी त्याला कितव्या पायरीवर ओळखले, हे पाहतो. बहुतेक वेळा तो माजघरात येऊन बसल्यावरच ओळखू येतो. क्वचित ओसरीवर ओळखू येतो. उंबरठ्याबाहेर ओळखू आला, असे दिवस थोडे. परंतु ज्या रात्री ओळख पटते, त्या रात्री परमेश्वराच्या कृपेची जाणीव अधिक होते. कारण इतके दिवस दार सताड उघडे असूनही घर कोणी राखले, हा प्रश्न तेव्हाच मनात उभा राहतो.

आपणही आज रात्री एकच दोष निवडून एकच घटका जागून पाहावे.